‘बसा’ कोण कुणाला म्हणतं?

आमच्याकडे रत्नागिरीत कुणाच्याही घरी गेलात की पहिला शब्द कानावर येतो तो ‘बसा’. ‘या’ बरेचदा म्हटलंच जात नाही, कारण तुम्ही आलेलेच असता. आधी बसा, मग गूळ-पाणी, मग कधी आलात, किती दिवस आहात, आंबा कसा आहे यंदा. ज्याच्याशी बांधावरून भांडण चालू आहे, त्यालाही दारात आला तर बसा म्हणावं लागतं. आणि ज्याला म्हटलं नाही, तो ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. ‘गेलो तर बस पण म्हणाला नाही’ हे वाक्य मी लग्नात, जमिनीच्या वादात, निवडणुकीच्या गप्पांत इतक्यांदा ऐकलंय, की माणसाला कोणी किती मान दिला हे मोजायची ती आमच्याकडची पट्टीच असावी.

ही पट्टी घेऊन मला एक प्रश्न मोजून बघायचाय. शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या ऐषारामी, उंच हॉटेलात राहण्यात काही चूक आहे का?

यावर दोन उत्तरं तयार असतात. पहिलं : पैसे दिले, राहिलो, विषय संपला. कुणाचं काही चोरलं नाही, उलट चार लोकांना रोजगार मिळाला. दुसरं : खाली फूटपाथवर माणसं झोपतात आणि तुम्ही वर सहा उशा घेऊन झोपता, लाज वाटली पाहिजे. दोन्ही उत्तरं मी मित्रांच्या तोंडून ऐकली आहेत. पहिल्याने माझं समाधान होत नाही, कारण बिल भरल्यावरही काहीतरी उरतं असं मला वाटतं. दुसऱ्यानेही होत नाही, कारण ती लाज चेक-आउटनंतर टॅक्सीत बसेपर्यंतच टिकते, आणि तिच्यामुळे फूटपाथवरच्या माणसाच्या आयुष्यात काहीच बदलत नाही.

प्रश्न माझ्यापुढे आला तो कंपनीमुळे. तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं आणि आम्हा सगळ्यांना लोअर परळच्या एका पंचतारांकित हॉटेलात ठेवलं होतं. मला तिसाव्याच्या वरचा मजला मिळाला. रत्नागिरीत लॉज आहेत, समुद्रकिनारी रिसॉर्ट आहेत, पण कान दडे बसवणारी लिफ्ट असलेलं हॉटेल नाही. एका रात्रीचं भाडं मी बुकिंगच्या ॲपवर बघितलं. वडिलांना निवृत्तीनंतर जी महिन्याची पेन्शन मिळते, तिच्या चौपट होतं ते.

खोलीबद्दल फार सांगत नाही, रील्समध्ये सगळ्यांनी बघितलेलं असतं. पडदे बटणावर सरकतात. उशांचा मेन्यू असतो. संध्याकाळी कुणीतरी येऊन पांघरुणाचा कोपरा दुमडून ठेवतं आणि उशाशी चॉकलेट ठेवतं. माझ्या मनात राहिली ती मात्र एक अगदी क्षुल्लक गोष्ट. बाथरूममधल्या टॉयलेट पेपरच्या टोकाची रोज त्रिकोणी घडी घातलेली असायची. त्या घडीचा वापरणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. ‘तू बाहेर असताना इथे कुणीतरी येऊन गेलं, तुझ्यासाठी वाकलं’ एवढंच ती सांगते. आणि ते कुणीतरी दिसत मात्र नाही. नाश्त्याला खाली जाऊन वर येईपर्यंत खोली आदल्या दिवशीसारखी झालेली. त्यांची लिफ्ट वेगळी, त्यांचे जिने वेगळे, त्यांचं दार भिंतीच्याच रंगाचं.

खिडकीतून खाली बघितलं की टॉवर, फ्लायओव्हर, आणि मध्येच कुठेतरी गिरणीची एखादी चिमणी. धूर नसलेली. लोअर परळमध्ये ही उंच हॉटेलं, मॉल आणि ऑफिसं बऱ्याच ठिकाणी गिरण्यांच्या जमिनीवर आली आहेत. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण फिनिक्स मिलचं. १९०५ साली सुरू झालेली ही गिरणी. आज त्या आवारात मॉल आहे आणि २०१२ च्या अखेरीस उघडलेलं एक उंच हॉटेल आहे. पुढच्या काही वर्षांत त्याचं नाव दोनदा बदललं, आज ते सेंट रेजिस आहे.

रत्नागिरीच्या माणसाला ही जागा परकी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांमध्ये मुंबईत बाहेरून आलेल्यांचे जिल्हे मोजले, तर रत्नागिरी सगळ्यात वर दिसतो. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता, तो वेगळा झाला १९८१ साली. म्हणजे गिरणगाव हे एका अर्थाने आमच्याच जिल्ह्याचं दुसरं गाव. माझे आजोबा तिथल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. पंधरा-सोळा जणांत एक खोली, पाळीप्रमाणे झोपायचं : रात्रपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर दिवसपाळीवाल्याची वळकटी उलगडायची. जेवण खानावळीत, हिशोब महिन्याचा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी जाहीर झालंच नाही. तो विरत गेला आणि हजारो माणसं गावी परतली, त्यांत आजोबाही. पुढे जमिनीचा प्रश्न आला. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते : एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची असं ठरलं, बांधकामाखालची जमीन हिशोबातून गेली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? बहुतेक सगळीकडे शेडच. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघाली, तेव्हा घरं होती सुमारे सात हजार आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास.

इथपर्यंत आलं की निबंध आपोआप एका ठरलेल्या वळणाला लागतो : ज्या जमिनीवर आजोबांनी घाम गाळला, तिच्यावर नातू एसीत झोपतो, केवढा हा विरोधाभास. मला त्या वळणावर जायचं नाही. गिरणी हा स्वर्ग नव्हता. तिथे कापसाची धूळ फुप्फुसात जायची आणि साच्यांच्या आवाजाने कान जायचे. आजोबा म्हातारपणी हळू बोलूच शकत नसत. आणि साच्यावरचा कामगार पाळीभर उभा असायचा. हा तपशील मला आजीकडून कळला : गावी आले की पहिले दोन दिवस ते पडवीत पाय लांब करून नुसते बसून असायचे. पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या. कुणी आलं तरी उठायचे नाहीत, तिथूनच म्हणायचे, ‘बस रे’.

त्या हॉटेलातल्या माझ्या शेवटच्या दिवशी ट्रेनिंग लवकर संपलं. खोलीत आलो तर एक मुलगा आवरत होता, असेल बावीस-तेवीसचा. ‘सॉरी सर, नंतर येतो,’ म्हणाला. मी म्हटलं चालू दे. तेवढ्यात आईचा फोन आला आणि मी घरी बोलतो तसं बोललो. फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, “सर, तुम्ही रत्नागिरीकडचे का?”

“हो. तू?”

“संगमेश्वर.”

“म्हणजे गाववालेच की आपण!”

तो हसला. मग गावं निघाली, पावणे निघाले, गणपती निघाले. गणपतीला जातोस ना, विचारलं. “सगळ्यांनाच हवी असते ना सुट्टी, मग नंबर लागतो. माझा यंदा शिमग्याला लागला,” म्हणाला. दोन वाक्यांत तो सरवरून दादावर आला होता. मी खुर्चीकडे हात करून म्हटलं, “बस ना जरा.”

त्याने खुर्चीकडे पाहिलं. ती नुकतीच त्यानेच टेबलाशी नीट लावून ठेवली होती. “ड्यूटीवर नाही बसता येत, दादा.” तेवढ्यात त्याच्या कमरेचा वॉकी-टॉकी खरखरला. त्याला उत्तर देऊन तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “येतो, सर.”

यात हॉटेलने काही विशेष वाईट वागवलं असं मला सुचवायचं नाही. असा नियम बहुतेक सगळीकडेच असतो, आणि दुसऱ्याच्या खोलीतल्या खुर्चीवर बसायचं नाही हे समजण्यासारखं आहे. पण त्या दिवशी संध्याकाळी मी लॉबीत बसून बघत राहिलो. दार उघडणारा उभा. रिसेप्शनच्या मागचे चौघे उभे. लिफ्टपाशी एक मुलगी उभी, तिचं काम फक्त लिफ्टचं बटण दाबणं. एवढ्या मोठ्या लॉबीत खुर्च्या आणि सोफे मिळून तीसेक तरी असतील, त्यांतले बहुतेक रिकामे होते. आणि ज्यांच्याकडे गणवेश होता, त्यांतलं एकही माणूस बसलेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मग तुमच्या कोकणातलं आदरातिथ्य थोर आणि हॉटेलातलं खोटं, असंच ना? नाही. हे म्हणणं सोपं आहे आणि चूक आहे.

‘बसा’ म्हटलं जायचं हे खरं, पण कुठे बसा हेही ठरलेलं असायचं. कोकणातलं जुनं घर म्हणजे एक उतरंड आहे : माजघर, ओटी, पडवी, खळं. कोण कुठपर्यंत येणार हे जातीवर आणि जमिनीवर ठरायचं. आम्ही कुणबी, म्हणजे खोताची कुळं. पणजोबा खोताकडे गेले तर खळ्यात उभे राहायचे, असं आमच्या घरात सांगतात, ओटीवर बसायचा प्रश्नच नव्हता. खोती रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आणि आमच्या पणजोबांना खळ्यात तरी उभं राहता येत होतं. महारवाड्यातल्या माणसाला खळ्याच्याही बाहेर थांबावं लागे.

मुंबईला गेल्यावर हे सुटलं का? अर्धवट. साचेखात्यात पगार जास्त, पण तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यातून काढावा लागे, आणि उष्टं चालणार नाही म्हणून तथाकथित अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेतच नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे ज्या साच्यासमोर आजोबा पुढे इतकी वर्षं उभे राहिले, ती उभं राहण्याची जागासुद्धा एकेकाळी सगळ्यांना खुली नव्हती.

म्हणून पैसे देऊन मिळणाऱ्या खुर्चीला मी नावं ठेवणार नाही. रत्नागिरीतच १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं. सावरकरांच्या पुढाकाराने त्या काळात इथे सहभोजनं झाली, आणि पुढे सगळ्या जातींच्या लोकांनी एकत्र बसून चहा प्यावा म्हणून एक उपाहारगृहही निघालं. तेव्हा एका बाकावर बसून पैसे टाकून चहा पिणं, ही धाडसाची गोष्ट होती. ज्या गावात माणसाचं आडनाव विचारून मग त्याची बसायची जागा ठरते, तिथे ‘पैसे द्या आणि कुठेही बसा’ हा नियम सुटका वाटतो. मी त्या लॉबीत सोफ्यावर बसलो, कुणी आडनाव विचारलं नाही. माझ्या पणजोबांना हे कळलं असतं तर त्यांना चॉकलेट आणि पडद्यांच्या बटणापेक्षा याचंच नवल वाटलं असतं.

मग अडतं कुठे?

‘अतिथी’ या शब्दाची आपली पारंपरिक फोड अशी आहे की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. या व्याख्येने हॉटेलातलं कुणीच अतिथी नाही, कारण तिथी तर आहेच, शिवाय चेक-इनची वेळही आहे. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो ‘पाहुणा’ या शब्दामागचा व्यवहार. पाहुणा हा कायमचा पाहुणा नसतो. आज तो तुमच्या पडवीत बसलाय, उद्या तुम्ही त्याच्या. आज तुम्ही उठून पाणी आणता, तो बसून पितो. उद्या तो उठेल. कोकणातल्या त्या सगळ्या उतरंडीतही निदान आपल्या बरोबरीच्यांत हे फिरणं चालू होतं, आणि जिथे ते थांबत होतं, खोत आणि कूळ यांच्यात, सवर्ण आणि दलित यांच्यात, तिथेच अन्याय होता. खोताने कुळाला धान्य दिलं असेल, कधी अडीअडचणीला पैसेही दिले असतील. पण कुळाच्या घरी जाऊन तो कधी बसला नाही.

हे फिरणं थांबलं की नुसती सेवा उरते, पाहुणचार राहत नाही. याचं टोकाचं उदाहरण आमच्या गावात टेकडीवर उभं आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढे १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी खाडीकडे तोंड असलेला मोठा राजवाडा बांधून दिला. नोकरचाकर होते, उंचावरून दिसणारा समुद्र होता. शाळेच्या सहलीत आम्हाला तो दाखवतात तेव्हा मुलं म्हणतात, काय मजा असेल ना! पण तो राजवाडा सोडून आपल्या देशी जायची परवानगी त्याला कधीच मिळाली नाही, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. सेवा सगळी होती, पण त्याला पाहुणा म्हणता येत नाही.

हॉटेलात याच्या उलट बाजूने तसंच काहीसं घडतं. मी हवं तेव्हा निघू शकतो. पण जो माझी सेवा करतो त्याच्या आणि माझ्या जागा कधीच बदलत नाहीत, एका मिनिटासाठी खुर्चीवर टेकण्याइतक्याही नाहीत. आणि ही अदलाबदल होत नाही हीच तिथली विकाऊ गोष्ट आहे, असं मला वाटायला लागलंय.

जरा विचार करा. मऊ गादी आता मध्यमवर्गीय घरातही असते. एसी असतो. गरम पाणी असतं. उंचावरचं दृश्य चाळीस मजली सोसायटीतल्या भाडेकरूलाही दिसतं. मग एका रात्रीला एवढे पैसे नेमके कशाचे? अमेरिकन विचारवंत थॉर्स्टिन वेब्लेन याने १८९९ मध्येच श्रीमंतांच्या नोकरांबद्दल लिहून ठेवलंय, त्याचा मतितार्थ असा : नोकर काय काम करतो यापेक्षा तो नुसता तिथे आहे, हजर आहे, हे मालकाच्या ऐपतीचं प्रदर्शन असतं. मराठीला हे वेब्लेनच्या आधीपासून माहीत आहे. आपण म्हणतो, ‘साहेबाने तासभर तिष्ठत ठेवलं.’ तिष्ठणं म्हणजे मुळात उभं राहणं. दुसऱ्याला उभं ठेवता येणं ही सत्तेची खूण आहे, हे त्या क्रियापदातच आहे. लिफ्टचं बटण दाबणाऱ्या मुलीला एक स्टूल दिलं तर बटण तितक्याच चांगल्या रीतीने दाबलं जाईल. मग स्टूल का नाही? खर्चामुळे नक्कीच नाही. स्टूल दिलं तर ती काम करणारी बाई दिसेल. उभी असेल तर ती माझ्यासाठी उभी आहे असं दिसतं, आणि भाड्यातला एक हिस्सा त्या दिसण्याचा असतो.

केरळमधल्या साड्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी हेच ओळखलं होतं. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही, अशा नियमाविरुद्ध त्या काही वर्षं लढल्या. त्यांनी ‘बसण्याचा हक्क’ मागितला. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही केली. गंमत अशी, की कारखान्यांसाठी ही तरतूद फार जुनी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवावी असं कलम होतं. म्हणजे निदान कागदावर तरी, साच्यावर उभ्या असलेल्या माझ्या आजोबांना मध्ये टेकायचा अधिकार होता. गिरणी जाऊन तिथे चकचकीत दुकान किंवा हॉटेल आलं, की तोच अधिकार नव्याने मागावा लागतो. कारण गिरणीत उभं राहणं ही कामाची गरज होती, इथे ते शोभेचा भाग झालंय.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. विकत घेतलेल्या सेवेत खरा जिव्हाळा नसतोच, असं मी म्हणतोय का? २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवली की तसं म्हणवत नाही. ताजमधल्या कर्मचाऱ्यांना त्या इमारतीचे मागचे रस्ते माहीत होते. त्यांतले कितीतरी आधी स्वतः बाहेर पडू शकले असते. ते थांबले, पाहुण्यांना अंधारातून वाट दाखवत राहिले, आणि काहींचा त्यात जीव गेला. हे कुठल्या टॅरिफमध्ये बसतं? माझी पेन्शनच्या चौपटीची रात्र, किंवा त्याच्या दहापट रात्र, याची किंमत होऊ शकत नाही.

पण यातून माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. नोकरीच्या करारात नसलेलं काहीतरी ही माणसं देतात, रोज थोडं थोडं आणि कधी अचानक सगळं. मग बिल चुकतं केल्यावर हिशोब पूर्ण झाला हे पहिलं उत्तर टिकत नाही. काहीतरी देणं राहतं. प्रश्न एवढाच की ते फेडायचं कसं.

टिप देऊन? द्यावीच, पण टिप देतानाही मी बसलेला आणि तो उभा. गावी बोलावून? मी त्या मुलाला म्हटलं होतं, शिमग्याला येशील तेव्हा घरी ये. तो आला तर आई त्याला बसा म्हणेल आणि मी पाणी आणेन, आणि आमच्या दोघांपुरता हिशोब बरोबर होईल. पण माझ्या मजल्यावर असे किती जण होते, आणि मजले किती. व्यक्तिगत चांगुलपणा चांगला असतो, त्याने नियम बदलत नाही.

खानावळीवाल्या बायकांचं उदाहरण मला इथे जास्त उपयोगी वाटतं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका पिढ्यान् पिढ्या राबल्या. प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. पैसे घेऊनच त्या जेवण देत होत्या, पुढेही पैसे घेऊनच देत राहिल्या. फरक एवढा पडला की जेवू घालणारी बाई स्वतःच्या धंद्याची मालकीण म्हणून बोलू लागली. सेवा विकणं यात कमीपणा नाही, सेवा विकताना माणसाला ताठ उभं राहता यावं आणि हवं तेव्हा बसताही यावं, एवढंच. ते दान म्हणून मिळत नाही. संघटनेने, कायद्याने आणि गिऱ्हाइकाच्या अपेक्षा बदलल्याने मिळतं.

यातली तिसरी गोष्ट आपल्या हातात आहे, आणि ‘आपल्या’ म्हणजे माझ्या वयाच्या, कंपनीच्या पैशाने अशा खोल्यांत जाणाऱ्या सगळ्यांच्या. चेक-आउटनंतर फोनवर फीडबॅकची लिंक येतेच. गादी कशी होती, नाश्ता कसा होता, कर्मचारी अदबीने वागले का. शेवटी एक रिकामा चौकोन असतो. त्यात मी लिहिलं : ‘लिफ्टपाशी आणि रिसेप्शनला काम करणाऱ्यांना बसायला स्टूल द्या. ते बसलेले असले तर पाहुणा म्हणून मला अपमान वाटणार नाही.’ मराठीत लिहिलं, मग त्याखाली इंग्रजीत. आपल्या सूचनेचे आभार, असं उत्तर आलं. एका चौकोनाने काही होत नाही हे मलाही कळतं. पण त्यांना उभं ठेवणारा नियम कुणीतरी ‘गिऱ्हाइकांना हेच आवडतं’ असं गृहीत धरून केलाय. तेव्हा गिऱ्हाइकांनीच ‘आम्हाला हे आवडत नाही’ असं सांगितल्याशिवाय तो बदलण्याचं कुणाला कारणच नाही.

तर, अशा हॉटेलात राहण्यात चूक आहे का? माझं उत्तर असं : राहण्यात नाही. आपल्यासाठी कुणी तिष्ठत असलेलं बघून मोठं वाटण्यात आहे. आणि हे मोठं वाटणं तिसाव्या मजल्यावरच होतं असं नाही. आमच्या रत्नागिरीच्या बाजारात कपड्यांच्या दुकानांत सणासुदीला जा. गादीवर मालक बसलेला असतो, समोर आपण बसलेले असतो, आणि वीस वर्षांची एक मुलगी सकाळपासून उभी राहून एकामागून एक साड्या उलगडत असते. साड्या बघून झाल्यावर, घेतली नसली तरी, तिला ‘तू बस आता’ म्हणून बघा. ती मालकाकडे बघेल. तेव्हा तुम्हीही मालकाकडे बघा.